आधी पाणी, मग जेवण

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

“प्यायलं की लगेच जावं लागतं, म्हणून पाणीच बंद केलंय,” असं तू म्हणालास. फोनवर तू अर्धंच ऐकतोस, म्हणून लिहून पाठवते. अरे, जुलाबात माणूस गळून जातो तो अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे. पाणी तोडून जुलाब थांबत नाहीत, तूच कोरडा पडतोस.

ओआरएसची पुडी मिळाली तर उत्तम. तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खी पुडी घाल, अंदाजपंचे अर्धी नको. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा सपाट हवा. वरची शीग बोटाने सारून टाक. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून दे आणि नव्याने कर. साखर चवीसाठी नाही बरं का. आतड्यातून साखरेतल्या ग्लुकोजच्या जोडीने मिठातलं सोडियम आत शोषलं जातं आणि त्यांच्यामागून पाणी. पण साखर जास्त झाली की ती उलट पाणी आतड्यात ओढून घेते, म्हणून कोल्ड्रिंक अजिबात नको. दर जुलाबानंतर पेलाभर घे. उलटी झाली तर दहा मिनिटं थांब, मग चमच्या-चमच्याने सुरू कर. केलेलं पाणी २४ तासांनंतर फेकून दे.

उपाशी राहू नकोस. भूक लागेल तसं थोडं थोडं, मऊ भात, केळं, उकडलेला बटाटा असं खा. दही चालेल. दूध मात्र काही दिवस पचायला जड जातं. तेलकट, तिखट, कॉफी बंद. दारूही. (मला सांगणार नाहीस, तरी लिहिते.)

ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर जुलाब बंद करणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नकोस, सरळ डॉक्टरांकडे जा. उलट्यांमुळे पाणी पोटात ठरत नसेल, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, सहा-आठ तास लघवीच झाली नसेल, तर रात्र असली तरी थांबायचं नाही. दोन दिवसांत उतार पडला नाही, तरी दाखवून ये.

संध्याकाळी फोन कर. काय जेवलास ते नंतर, आधी लघवी कितीदा झाली ते सांग.

तुझी,
आई