काव, चुना आणि तुझं कोरं पान

फोंडा, गोवा
श्रावणातला दुसरा आयतार

प्रिय बाय,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. चारच ओळी, पण त्यातली तिसरी डोक्यातून जात नाही. ‘अप्पांबद्दल लिहायला वही उघडते, पानाकडे बघत बसते आणि मिटून ठेवते.’ शाळेत निबंधाला पुरवणीवर पुरवणी मागणारी तू! अप्पांना जाऊन सात महिने होत आले आणि तुझ्या हातून एक पान उतरत नाही, हे वाचून जीव कासावीस झाला. फोन करणार होते, पण जे सांगायचं आहे ते हातानं करून दाखवायचं आहे. म्हणून हे पत्र आणि सोबत हे जाड पाकीट. आज आयताराची पूजा आटोपली, पाऊस लागून राहिलाय, घरात निवांत आहे. सविस्तर लिहिते.

बाय, कोऱ्या पानावर पहिलं वाक्य लिहायचं म्हटलं की ते अप्पांच्या तोलाचं हवं असं वाटतं, आणि तसं वाक्य कुणालाच सुचत नाही. म्हणून मी पान कोरं ठेवतच नाही. आधी रंग लावते, स्टेन्सिल म्हणजे नक्षी कापलेला पातळ पत्रा ठेवून एखादी नक्षी उठवते, दोन-चार ठसे मारते, जुन्या कागदाचा तुकडा चिकटवते. तोवर हात कामाला लागलेला असतो आणि मन त्याच्यामागून येतं. मग पानावर लिहायला जागा उरते ती कुठे चार बोटं, कुठे कडेची एक पट्टी. तेवढ्यात मावेल तेवढंच लिहायचं. चार बोटं जागेत ‘अप्पा चहा बशीत ओतून प्यायचे’ एवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी दुसरं पान. गेल्या चार वर्षांत माझ्या तीन वह्या अशाच भरल्या. लोकांना माझी कार्डंच ठाऊक आहेत, कारण ती चवथीला आणि दिवाळीला घरोघरी जातात. पण माझा जीव या वह्यांत आहे.

आधी कागद. साधी वही घेऊ नकोस, पाणी लागलं की तिचं पान लाटांसारखं होतं. वॉटरकलरचा ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कागद घे. वहीच हवी असेल तर दोन-दोन पानं ग्लू स्टिकनं एकमेकांना चिकटव, म्हणजे जाड होतील. मग जेसोचा पातळ हात दे. जेसो म्हणजे ॲक्रिलिकमध्ये कालवलेला खडूसारखा पांढरा लेप. तो लावला की कागद रंग पीत नाही, वर धरून ठेवतो आणि बोट फिरवलं तर किंचित खरखरीत लागतो. सारवलेल्या अंगणावर रांगोळी कशी बसते आणि गुळगुळीत लादीवरून कशी घरंगळते, तसाच हा फरक.

आता स्टेन्सिल. हे मी तुला हात धरून शिकवलं असतं, पण पत्रावर भागवू. रंग भरताना स्पंज जवळजवळ कोरडा हवा. रंगात बुडवल्यावर आधी रद्दी कागदावर दोन-तीनदा टिपून घे आणि मग स्टेन्सिलवर उभा ठेवून हलके हलके टिप. घासू नकोस. पाणी जास्त झालं की रंग कडेखाली शिरतो आणि सगळी नक्षी पसरते. पहिल्या वर्षी माझी निम्मी पानं अशीच गेली.

नक्षी फुगीर हवी असेल तर टेक्स्चर पेस्ट, म्हणजे वाळल्यावर उठून राहणारा घट्ट लेप. तिचा डबा महाग असतो, म्हणून मी घरी करते : फेव्हिकॉल, पांढरा ॲक्रिलिक रंग आणि चाळलेली खडूची पूड, श्रीखंडाइतकं घट्ट. स्टेन्सिल चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बसवायचं आणि पॅलेट नाईफ, म्हणजे रंग पसरायची बोथट सुरी, जवळजवळ आडवा धरून, पोळीवर तूप पसरावं तशी पेस्ट एका हातात ओढायची. दुसऱ्यांदा ओढलीस तर भोकांतली पेस्ट उचलून येते. मग चिकटपट्टी सोडवायची आणि स्टेन्सिल सरळ वर उचलायचं, तिरकं नाही. त्या क्षणी मी अजूनही श्वास धरते. उचलताना बारीक चिकट आवाज येतो आणि खाली पांढऱ्यावर पांढरी नक्षी उभी असते, कडा धारदार, मधे पॅलेट नाईफची एखादी रेघ. दिवा आडवा धरला की सावलीनं दिसते. रंग अजून लागलेलाच नसतो, तरी पान कोरं राहिलेलं नसतं. स्टेन्सिल मात्र लगेच पाण्यात टाक. पेस्ट वाळली की निघत नाही.

विकतचीच स्टेन्सिल हवीत असं नाही. आईच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे होता, त्या फिल्मवर मी कटरनं नक्षी कापली. पणजीला इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात निळ्या-पांढऱ्या फरशांची १९३५ सालची भित्तिचित्रं आहेत, आठवतात ना? कॉलेजात असताना बस चुकली की आपण तिथेच जाऊन उभ्या राहायचो. पणजीच्याच जुन्या फोंतेन्हास वाड्यातल्या घरांवर नावाच्या आणि नंबराच्या पाट्याही तशाच निळ्या फरशांच्या. त्यातल्या वेलबुट्टीवरून मी एका फरशीचा फक्त एक चतुर्थांश भाग कापला. तो एकदा टिपायचा, पाव वळण फिरवून पुन्हा टिपायचा, असं चारदा केलं की अख्खी फरशी तयार. शंभर वेळा टिपलं तरी दोन फरशा तंतोतंत सारख्या येत नाहीत. कुठे निळा गडद, कुठे फिका. मला तेच आवडतं. त्यात माणसाचा हात दिसतो.

पण तुझ्यासाठी मी निळं पान केलं नाही, लाल केलं. त्याचं कारण सांगते.

गेल्या मार्चमध्ये पेडण्याकडे एका लग्नाला गेले होते. परतताना वाटेत एका जुन्या देवळात थांबलो आणि भिंतीवर कावी दिसली. लहानपणी आपण ‘लाल चित्रं’ म्हणायचो तीच. तेव्हा प्रसादाच्या घाईत कधी नीट बघितली नव्हती. या वेळी जवळ जाऊन भिंतीला नाक लावून बघितली. एक थर काव, म्हणजे आपली चिऱ्याच्या मातीची लाली, आणि एक थर शिंपल्यांच्या चुन्याचा. वरचा थर ओला आहे तोवरच टोकदार हत्यारानं खरवडायचा, की खालचा रंग उघडा पडतो. सगळ्या चित्रात रंग दोनच, लाल आणि पांढरा. कमळाची वर्तुळं कंपासनं ओढल्यासारखी, आणि वर्तुळाच्या ऐन मध्यावर कंपास टेकवल्याची बारीक खळी अजून शिल्लक! त्या खळीवर बोट ठेवलं आणि अंगावर काटा आला. करणाऱ्याचं नाव कुठेच नाही, पण त्यानं हात टेकवला ती जागा आहे. ही कला लोप पावत चालली होती. आता सागर नाईक मुळे यांच्यासारखे आपले गोव्यातले कलाकार ती पुन्हा जोमानं करतायत, हे बघून फार बरं वाटतं.

घरी आल्यावर मी तेच वहीच्या पानावर करून बघितलं. खाली तांबडा ॲक्रिलिक, त्यात चिमूटभर तपकिरी मिसळून आपल्या मातीचा रंग येईपर्यंत. तो पुरता वाळू दिला. वर पांढऱ्या जेसोचा जाडसर हात, आणि तो ओला असतानाच विणायच्या सुईच्या मागच्या टोकानं ओरखडे. अवधी पाचेक मिनिटांचा असतो. पावसात थोडा जास्त मिळतो, आपल्या दमट हवेचा हा एकच फायदा. वर्तुळासाठी स्टीलचं झाकण टेकवलं, पाकळ्यांना रांगोळीचा जुना छापा. खरवडताना पांढरं बाजूला सरतं आणि खालची लाल रेघ झळकते. पाकिटातलं पान तेच आहे. मधली वर्तुळं केली आहेत, खालचा अर्धा भाग तुझ्यासाठी सोडला आहे.

ठशांचं थोडक्यात सांगते. त्यातली खरी मेख शाईत आहे. डाय इंक कागदात मुरते आणि पटकन वाळते, पण पाणी लागलं तर बहुतेक वेळा फुटते. पिगमेंट इंक वर बसते, हळू वाळते, आणि आपल्याकडे आषाढात तर वाळायचं नावच घेत नाही. ठशावर नंतर रंगाचा हात द्यायचा असेल तर वाळल्यावर पाण्याला दाद न देणारी अर्कायव्हल शाईच घे. दोन वर्षांपूर्वी चवथीच्या कार्डांवर मी माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर फळं टांगतो त्या चौकटीचा, ठसा मारला, नारळ, सुपाऱ्यांचे घोस, आंबाडे, सगळं त्यात होतं. वरून हिरवा वॉटरकलर दिला आणि पंधराच्या पंधरा कार्डांवर काळं ओघळलं. दोन रात्रींचं काम. त्या दिवशी खूप रडले, कारण ती कार्डं नुकत्याच गेलेल्या मावशीच्या घरी जायची होती.

एम्बॉसिंग, म्हणजे ठसा फुगीर आणि चकचकीत करणं, करणार असशील तर एकच सांगते. पिगमेंट इंकचा ओला ठसा, वर एम्बॉसिंग पावडर, झटकायची आणि हीट गननं गरम हवा द्यायची. पावडर आधी वाळूसारखी निस्तेज दिसते, मग एका कडेकडून पाक सुटावा तशी चमकत चमकत वितळत जाते. पण पावसाळ्यात कागद दमट असतो आणि पावडर नको तिथेही चिकटते. म्हणून ठसा मारण्याआधी टाल्कम पावडरची पुरचुंडी कागदावरून फिरव. साध्या मलमलीत बांधलेली पुरते.

आणि घरात ठशांची कमतरता नाही. भेंडी आडवी काप, पाच पाकळ्यांचं फूल तयार. कापलेला भाग कागदानं टिपून घे, नाहीतर त्याचा चिकटपणा रंगात उतरतो. आज पूजेची उरलेली पत्री होती, त्यातली दोन पानं मागच्या बाजूनं रंगवून दाबली. शिरा मागेच उठावदार असतात. ती दोन्ही तुझ्या पानाच्या कडेला आहेत.

आता मुख्य गोष्ट. तू लिहिलं होतंस की अप्पांच्या कपाटात मागच्या कितीतरी वर्षांची कालनिर्णयची पानं निघाली आणि प्रत्येकावर त्यांच्या अक्षरात दूध, गॅस, भाडं, कुणाचं बारसं, कुणाचा तेरावा. बाय, तुझी वही तीच आहे गं! तुला आठवणी शोधायला कुठे जायचं नाही. एक महिना घे. पण मूळ पान चिकटवायचं नाही, कितीही मोह झाला तरी. झेरॉक्स काढून आण, दुकानातली टोनरची. घरच्या इंकजेटवर काढलेली प्रत गोंद लागला की विरघळून निळी-जांभळी होते, टोनरची जागची हलत नाही. ती कात्रीनं न कापता हातानं फाड, म्हणजे कड मऊ येते आणि पानात मिसळून जाते. मागे गोंदाचा पातळ हात, वरून जुन्या एटीएम कार्डानं मधून बाहेरच्या बाजूला दाब दे, फुगे राहायला नकोत. वरून पातळ केलेला पांढरा रंग अर्धवट फिरव, म्हणजे अक्षर धुक्यातून दिसल्यासारखं दिसेल. एकच चौकोन उघडा ठेव, तुला हवा तो. ‘गॅस आला’ असं लिहिलेला असला तरी चालेल. त्याच्या शेजारी त्या दिवसाचं एक वाक्य लिही.

वह्या ठेवण्याबद्दल सांगायचं राहिलं. ॲक्रिलिक वाळला तरी दमट हवेत थोडा चिकट राहतो, आणि समोरासमोरची दोन पानं दाबाखाली एकमेकांना धरतात. गेल्या जुलैत माझी वही कपाटात तशीच राहिली. उघडली तेव्हा माझं सगळ्यात आवडतं पान, आईच्या परसातल्या अबोलीचं, समोरच्या पानाबरोबर सोलून आलं. ते परत करता आलं नाही. तेव्हापासून मी प्रत्येक दोन पानांत मेणकागद घालते आणि वही ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवते. पुण्याला आमच्याइतका दमटपणा नाही, तरी तू घालच.

पाकिटात हे आहे : लाल पान, फरशीचं एक्स-रेवर कापलेलं स्टेन्सिल, काळी अर्कायव्हल शाई, आईच्या रांगोळीच्या छाप्यांतला एक, आणि घरच्या पेस्टची छोटी बाटली. पेस्ट आठवडाभरात वापर, नंतर घट्ट होते. लाल पानाच्या खालच्या अर्ध्यात जेसो दिलेला नाही. तो तू दे, आणि ओला असताना काहीतरी खरवड. सुई नसेल तर अप्पांच्या पेनचं टोपण घे, त्याचा क्लिप चांगला चालेल. मग एक वाक्य लिही आणि पान मला परत पाठव. मी पुढचं अर्धं करून ठेवते. चवथीला येशीलच, तेव्हा ते तुझ्या हातात देईन. पातोळ्या करायला हळदीची पानं यंदा परसातच भरपूर आली आहेत.

पान पाठवताना मेणकागदाची घडी पाकिटातच आहे, ती वर घाल. आणि पाकिटावर ‘दुमडू नये’ असं मोठ्या अक्षरात लिही.

तुझीच,
बेबी