मंदारला, पहिल्या वॉचआधी

गंगापूर रोड, नाशिक
१४ जुलै

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

थर्ड मेट (जहाजावरचा तिसरा अधिकारी) म्हणून जहाज मिळालं, पुढच्या आठवड्यात जॉइन होतोयस, हे कळलं आणि फार आनंद झाला. काकूंनी पाठवलेले पेढेही पोचले. आता आठ ते बाराचा वॉच, म्हणजे पहारा, तुझा. ओरलला (तोंडी परीक्षेत) तू टक्कर टाळण्याचे नियम घडाघडा म्हणून दाखवलेस, त्यामुळे ते पुन्हा सांगत बसत नाही. प्रत्यक्ष ब्रिजवर (जहाज चालवायच्या खोलीत) ते वापरताना कुठे गडबड होते, तेवढंच लिहितो.

सगळ्यात आधी ‘रस्ता आपला आहे’ ही भावना इथेच नाशकात ठेवून जा. १९७२ चे नियम १५ जुलै १९७७ पासून लागू आहेत आणि त्यांत कुणालाही रस्त्याचा हक्क दिलेला नाही. एकाने बाजूला व्हायचं, दुसऱ्याने कोर्स आणि वेग कायम ठेवायचा. दोन्ही कर्तव्यंच आहेत. द्वारका चौकात ज्याने आधी नाक घातलं त्याची वाट, तसं तिथे नाही. आणखी एक. समोरून गाडी आली की आपला हात आपोआप डावीकडे वळतो, जन्मभराची सवय आहे. समुद्रात समोरासमोर आलेली दोन्ही यांत्रिक जहाजं उजवीकडे, स्टारबोर्डला वळतात आणि एकमेकांना डाव्या बाजूने ओलांडतात. दमलेल्या डोक्यात जुनी सवय कधी उसळेल सांगता येत नाही, म्हणून हेल्मची (सुकाणूची) ऑर्डर तोंडाने मोठ्याने दे आणि रडर इंडिकेटर (सुकाणू किती वळलं ते दाखवणारा काटा) कुठे गेला ते डोळ्यांनी बघ.

आता वेळेचा हिशोब. पन्नास मीटर किंवा त्याहून लांब जहाजाचा मास्टहेड दिवा (डोलकाठीवरचा पांढरा) किमान सहा मैलांवरून दिसायला हवा, साइडलाइट (डाव्या बाजूचा लाल, उजव्या बाजूचा हिरवा) तीन मैलांवरून. तू पंधरा नॉटने (ताशी पंधरा सागरी मैल), समोरचाही पंधराने, म्हणजे मिनिटाला अर्धा मैल अंतर तुटतं. पांढरा दिवा दिसल्यापासून बारा मिनिटं, लाल किंवा हिरवा दिसल्यापासून फक्त सहा. लाल-हिरवा दिसेपर्यंत थांबणारा ऑफिसर अर्धा वेळ आधीच घालवून बसतो. मोठ्या जहाजावर पुढचा मास्टहेड दिवा खाली आणि मागचा वर असतो. दोन्हींमधली फट कोणत्या बाजूला उघडतेय यावरून साइडलाइट दिसायच्या आधीच त्याचं तोंड कुणीकडे आहे ते समजतं. दोन्ही दिवे एका रेषेत आले तर तो तुझ्यावरच येतोय.

बेअरिंग (समोरचं जहाज कोणत्या दिशेला दिसतंय ते) कंपासचंच घे. खिडकीच्या चौकटीला धरून अंदाज करू नकोस, कारण आपलं जहाज सतत दोन-चार अंश इकडेतिकडे झुलत असतं. दर दोन-तीन मिनिटांनी घेतलेलं बेअरिंग फारसं बदलत नसेल आणि अंतर घटत असेल, तर धोका आहे. ते बदलत असलं तरी निर्धास्त होऊ नकोस. फार मोठं जहाज असेल, मागे दुसरं जहाज ओढणारा टग असेल किंवा अंतर थोडं असेल, तर बेअरिंग बदलत असतानाही टक्कर होऊ शकते, हे नियमातच लिहिलंय. रडारच्या प्लॉटरवर लक्ष्य पकडल्यावर किंवा त्याने कोर्स बदलल्यावर भरवशाचा सीपीए (दोन जहाजं सगळ्यात जवळ येतील तेव्हाचं अंतर) मिळायला साधारण तीन मिनिटं लागतात. पहिल्या मिनिटातल्या आकड्यावर निर्णय घेऊ नकोस. आणि टक्कर टाळण्यासाठी प्लॉटरला लॉगचा (जहाजाच्या वेगमापकाचा), पाण्यातला वेग दे. जीपीएसचा जमिनीवरचा वेग दिलास, तर प्रवाहामुळे समोरच्याचं तोंड भलत्याच दिशेला दिसतं.

तो तुझ्या उजव्या हाताला असून आडवा येत असेल, तर बाजूला व्हायचं तुला. इथे नवे ऑफिसर एकच चूक करतात: पाच अंश, मग पुन्हा पाच, मग आणखी पाच. समोरच्याला यातलं काहीच कळत नाही. एकदाच तीस-चाळीस अंश किंवा जास्त वळ, इतकं की तुझा हिरवा दिवा विझून त्याला लाल दिसायला लागेल, आणि त्याच्या पाठीमागून जा. त्याच्या नाकासमोरून निघून जायचा मोह टाळ. वेग कमी करणं नियमात बसतं, पण रात्री ते समोरच्याच्या लवकर लक्षात येत नाही. जुन्या कोर्सवर परतायची घाई नको. तो पूर्ण मागे पडून मोकळा झाला की मग.

उलट, तू कोर्स राखणारा असलास तर हात बांधून उभं राहायचं असं नाही. तो काही करत नाही हे स्पष्ट झालं की पाच आखूड भोंगे दे, सोबत दिव्याचे पाच झटके, आणि मग तू स्वतः वळू शकतोस. फक्त तो डाव्या बाजूला असताना डावीकडे वळू नकोस. तोही उशिरा जागा होऊन उजवीकडेच वळणार असतो. अगदी जवळ आला आणि त्याच्या एकट्याच्या वळण्याने टळत नाही असं दिसलं, तर वळणं तुझ्यावर बंधनकारक होतं.

कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावर रात्री मासेमारी होड्यांचे थवे भेटतील. ट्रॉलर असेल तर हिरव्याखाली पांढरा दिवा, इतर जाळी असतील तर लालखाली पांढरा. जाळं आडवं दीडशे मीटरपेक्षा लांब पसरलं असेल, तर त्या दिशेला आणखी एक पांढरा. पण डेकवरच्या झगझगीत कामाच्या दिव्यांत हे सगळं बुडून जातं. म्हणून दिवे नीट दिसले नाहीत तरी जाळं पडलंय असं समजूनच लांबून जा आणि थव्याच्या मधून वाट काढू नकोस. बाजूला व्हायचं तुलाच आहे, आणि त्या होडीवर आपल्यासारख्याच घरची पाच-दहा माणसं असतात.

धुक्याबद्दल सगळ्यात कळकळीने लिहितो. सध्या कसाऱ्याच्या घाटात पुढच्या ट्रकचा मागचा दिवाही दिसत नाही, तसं समुद्रात झालं की उजवा-डावा, कोण बाजूला होणार, हे सगळं गळून पडतं. जहाज डोळ्यांनी दिसत नसेल तर तिथे फक्त एकोणिसावा नियम: जबाबदारी दोघांचीही. रडारवर समोरच्या अंगाला जहाज असेल तर डावीकडे वळणं टाळ (तू त्याला मागून ओलांडत असशील तर गोष्ट वेगळी), आणि बाजूला किंवा मागे असेल तर त्याच्या दिशेने वळू नकोस. २५ जुलै १९५६ ला नॅन्टकेटजवळ आंद्रेआ डोरिया आणि स्टॉकहोम यांनी एकमेकांना रडारवर पाहिलं होतं. एक थोडं थोडं डावीकडे सरकलं, दुसरं उजवीकडे वळलं, आणि धडकली. वळल्याचा एक आखूड भोंगा धुक्यात द्यायचा नसतो, तो एकमेकांना दिसणाऱ्या जहाजांसाठी आहे. धुक्यात दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा, चार ते सहा सेकंदांचा. थांबून पाण्यात गती उरली नसेल तर दोन लांब. पुढून भोंगा ऐकू आला आणि धोका नाही अशी खात्री नसेल, तर कोर्स जेमतेम राखता येईल इतका वेग उतरव. इंजिन रूमला आधी कळव, भोंगा ऐकल्यावर नाही.

व्हीएचएफ रेडिओवर ‘तू असा जा, मी असा जातो’ ठरवत बसू नकोस. एआयएसवर (जहाजांची ओळख आपोआप दाखवणाऱ्या यंत्रणेवर) नाव दिसतं म्हणून बोलणारा तोच आहे याची खात्री नसते, आणि बोलण्यात गेलेली दोन मिनिटं म्हणजे एक मैल. शंका आली की कॅप्टनला उठव. लवकर उठवलं म्हणून रागावला तर रागावू दे.

चढल्या दिवशीच ब्रिजवरचा मॅन्युव्हरिंगचा तक्ता वाच. दोनशे मीटरचं जहाज पूर्ण वेगातून उलट इंजिन देऊन थांबायला मानकांप्रमाणे पंधरा लांब्या, म्हणजे तीन किलोमीटरपर्यंत घेऊ शकतं. हार्ड ओव्हर (सुकाणू एका बाजूला पूर्ण) दिल्यावर मात्र साडेचार लांब्यांत, नऊशे मीटरच्या आत, ते नव्वद अंश वळलेलं असायला हवं. तुझ्या जहाजाचे खरे आकडे, भरलेलं आणि रिकामं असे दोन्ही, वहीत उतरवून घे आणि मला कळव.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अनिकेत