येवलेवाडीच्या गॅरेजवाल्या दादांना, आमच्या आईच्या नाकाला मान दिल्याबद्दल

दादा, नमस्कार.

नाव लिहीत नाही, तुम्हीच म्हणालात ना, "नाव नका टाकू कुठं, मग लोक गाड्या घेऊन येत्यात आन् मला घरी जायला रात्र होती." तर नाव नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, बोपदेव घाट उतरून कोंढव्याकडं येताना ज्यांची गाडी कधी ना कधी बंद पडलीय ते सगळे तुम्हाला ओळखत असणार.

मी त्या दिवशी तुमच्याकडं फक्त पंक्चर काढायला थांबलो होतो. आठवतंय का, संक्रांतीनंतरचा रविवार, संध्याकाळची वेळ, आम्ही सासवडला मावशीकडून परत येत होतो. आई पुढच्या सीटवरून उतरली आणि पदर नाकाला लावून बाजूला उभी राहिली. तुम्ही आतून हात पुसत आलात आणि विचारलंत, "आज्जी, गाडी लागली काय?" आई म्हणाली, "नाही रे बाबा. वास येतो गाडीत. पण आमच्याकडं कुणाला येत नाही."

हे "आमच्याकडं कुणाला येत नाही" माझ्यासाठी होतं. ते तुम्हाला कळलं का माहीत नाही, मला बरोबर कळलं.

कारण दिवाळीपासून ती सांगत होती. बोनेटकडून काहीतरी वास येतो, घाट चढला की जास्त येतो. आणि माझं नाक २०२१ च्या कोविडपासून अर्धंच चालतं, भाजी करपली तरी मला धूर दिसल्यावर कळतं. बायकोला अधूनमधून यायचा पण ती मागं बसते, तिथपर्यंत पोचता पोचता त्याचं "काहीतरी आहे बहुतेक" व्हायचं. म्हणजे साक्षीदार एकच, वय वर्षं ७३.

मी काय अगदीच दुर्लक्ष नाही केलं हां. दोनदा सर्व्हिस सेंटरला गाडी दिली. काचेची केबिन, एसी, कॉफीचं मशीन, टॅब घेतलेला पोरगा. त्यानं गाडी आत घेतली, सपाट जमिनीवर पाच मिनिटं इंजिन चालू ठेवलं, एसी आतली हवा आत फिरवतो त्या बटणावर, काचा बंद, आणि बाहेर येऊन म्हणाला, "सर, स्मेल डिटेक्ट नाही होत." आई माझ्या शेजारीच उभी होती, ती सांगायला लागली की असा नाही येत बाबा, चढावर येतो, तर तो माझ्याकडं बघून म्हणाला, "सर, मॅडमना एसीचा वास येत असेल, एसी क्लीनिंग करून घ्या." केलं. सतराशे रुपये. निघताना वर हे, की सर, फीडबॅकचा कॉल येईल, दहापैकी दहाच द्या, नऊ दिले तर आमच्या पगारात कटिंग होतं. मी दहा दिले. आता तो आकडा आठवला की स्वतःचीच लाज वाटते.

मग सोसायटीतले तज्ज्ञ. रविवारी पार्किंगमध्ये बोनेट उघडं दिसलं की पुण्यात माणसं कुठून उगवतात देव जाणे. एकानं सांगितलं उंदीर मेलाय. एकानं सांगितलं मेला नाहीये, येतोय, वायरी कुरतडेल, तंबाखू ठेवा. मी तंबाखूची पुडी आणि मूठभर डांबराच्या गोळ्या दोन्ही ठेवल्या आणि पुढचे पंधरा दिवस गाडीत बसलं की जुनं ट्रंक उघडल्यासारखं वाटायचं, हे तर माझ्या नाकालासुद्धा कळत होतं. आई म्हणाली, "तो वास आहेच, आता वरून हा पण आला."

तिसरा एक मोठा गॅरेजवाला, सिंहगड रोडला. त्यानं बोनेटमध्ये अर्धा मिनिट डोकावून सांगितलं हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं पॅकिंग, गेलं असणार, इंजिन उतरवावं लागेल, चाळीस-पंचेचाळीस धरून चाला. हजार. मी घरी आलो आणि त्या रात्री आईला म्हणालो, आणि हे मी आज सगळ्यांसमोर लिहितोय कारण मनात राहिलंय, मी म्हणालो, "आई, तुला भास होत असेल. आपण एकदा डॉक्टरला दाखवू." म्हणजे ४५ हजारांचं इंजिन काढण्यापेक्षा आईच्या डोक्यात बिघाड काढणं मला स्वस्त वाटलं. रात्री जागून फोनवर वाचत बसलो होतो की म्हाताऱ्या माणसांना नसलेले वास का येतात.

त्यानंतर ती बोललीच नाही. गाडीत बसली की चढ लागल्यावर गुपचूप पदर नाकाला. बस्स.

आता तुमच्यावर येतो. तुम्ही आईला विचारलंत, "कसला वास येतो?" आणि सवयीप्रमाणं मी मध्ये पडलो, की अहो काही नाही, सर्व्हिस सेंटरला दाखवलंय, तुम्ही पंक्चर तेवढं बघा. तेव्हा तुम्ही माझ्याकडं न बघता हात वर केलात. ग्रीसनं काळा झालेला तळवा, त्यात ते कापसाचं वेस्ट धरलेलं. आणि म्हणालात, "थांबा साहेब, आज्जी बोलतायत ना."

दादा, मला त्या होस पाइपाचं काही नाही, पाइप आज ना उद्या कुणीतरी बदललाच असता. हे पत्र त्या हातासाठी आहे.

मग तुम्ही आतून ती लाल खुर्ची आणलीत, एक पाय जरा वाकडा आहे तिचा, खाली पुठ्ठा सारलात, आईला बसवलंत आणि स्वतः तिच्यासमोर टायरवर बसलात. आणि काय विचारलंत! गाडी सुरू करतानाच येतो का तापल्यावर? सपाटीला येतो का चढाला? आतला पंखा बाहेरची हवा घेत असला की जास्त येतो का? काच खाली केल्यावर कमी होतो का? आईनं एकेकाचं उत्तर दिलं, जणू वाटच बघत होती. तापल्यावर. चढाला, आणि वर भिवरीच्या आसपास पोचलं की सगळ्यात जास्त. पंखा चालू असला की तोंडावर येतो. आणि वास कसला, तर ती म्हणाली, "गुळाचा पाक पुढं गेल्यावर येतो तसा. करपलेला नाही. करपायच्या जरा आधीचा."

आईनं तीस वर्षं संक्रांतीला गुळपोळ्यांच्या ऑर्डरी घेतल्यात. तिनं पाक पुढं गेला म्हटलं म्हणजे तो पुढं गेलेलाच असतो. तुम्ही मांडीवर थाप मारलीत, "पाणी गळतंय मग. कूलंट, इंजिन थंड ठेवायचं. त्याचाच वास गोड येतो."

माझ्या तोंडातून निघालं की खाली एक थेंब दिसत नाही हो पार्किंगला. तुम्ही शांतपणे समजावलंत की थेंब कुठून दिसणार, इंजिन तापलं की आत प्रेशर बसतं, तेव्हाच ते बारीक चिरेतून फुत्कारतं, आणि पडतं तापलेल्या इंजिनवर, पाणी उडून जातं आणि वास तेवढा मागं राहतो. मग गाडीतली बिलं मागितलीत. मला वाटलं पैसे किती उकळले ते बघताय. तुम्ही दोन्ही बिलांवर एकाच ओळीवर बोट ठेवलंत, कूलंट टॉप-अप, पुन्हा कूलंट टॉप-अप, आणि म्हणालात, "साहेब, ही बंद सिस्टीम आहे. मग हे पाणी जातंय कुठं, हे त्या पोरानं विचारायला नको?" आई लगेच म्हणाली, "दूध रोज कमी होतंय आणि म्हणे घरात मांजर नाही." तुम्ही दोघं जे हसलात ना. मी हसलो नाही, ती बिलं तीन महिने माझ्याच गाडीत होती आणि मी शिकलेला माणूस आहे असं मला आत्तापर्यंत वाटत होतं.

आणखी एक. दुसरा कुणी असता तर तिथंच झाकण उघडायला गेला असता. तुम्ही म्हणालात तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं, तोंडावर उकळतं पाणी येतं, रात्रभर गाडी राहू द्या, सकाळी थंड इंजिनवर बघू. रिक्षासुद्धा तुम्हीच थांबवून दिलीत.

सकाळी मी स्कूटरवर एकटा येणार होतो. आई म्हणाली, "मी पण येणार, वास माझा आहे." धायरीतून कात्रज-कोंढवा रोडनं ते ट्रॅफिक आणि ती धूळ खात ७३ वर्षांची बाई मागं बसून आली, रुमाल बांधून, आणि मी आरशात बघितलं तर चक्क खूश दिसत होती.

तुम्ही बॅटरी मारून दाखवलंत ते मी विसरणार नाही. इंजिनच्या मागं, काचेखालच्या पत्र्यापाशी, हीटरला जाणारा पाइप, त्याच्या क्लिपेजवळ हिरवट पांढरा थर, नळाच्या तोटीला क्षार बसतात तसा. आणि बरोबर तिथूनच वर पंख्याची हवा आत ओढली जाते. म्हणजे आई जिथं बसते तिथं तो वास थेट जायचा आणि मागं बायकोपर्यंत पोचेस्तोवर विरायचा. तुम्ही आईला वाकायला लावलं नाहीत, तिच्यासाठी मोबाईलवर फोटो काढून मोठा करून दाखवलात. तिनं चष्मा वर करून बघितलं आणि माझ्याकडं वळून काहीही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

हेड गॅसकेटचं मी भीत भीत विचारलं तेव्हा तुम्ही ऑइलचं झाकण काढून दाखवलंत, खालची बाजू स्वच्छ, नुसतं तेल, पाणी मिसळलं असतं तर ताकासारखं पांढरं झालं असतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो का तेही बघितलंत. ४५ हजार तिथंच वाचले. आणि डांबराच्या गोळ्या एकेक वेचून माझ्या हातात दिल्यात, बोलला काही नाहीत, पण मिशीत हसलात ते दिसलं.

नाना पेठेतून पाइप येईपर्यंत तुमचा आणि आईचा जो क्लास चालला होता तो मी ऐकत होतो हां. क्लच जळाला की जळक्या कागदासारखा वास येतो. इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, टपेट कव्हरच्या, पॅकिंगमधून ऑइल गळून गरम भागावर पडलं की भज्यांचं काळं पडलेलं तेल पुन्हा तापवल्यासारखा. पट्टा घसरला की जळक्या रबराचा. बॅटरी जास्त चार्ज व्हायला लागली की सडक्या अंड्याचा. वायर तापली की जळक्या प्लॅस्टिकचा आणि कधी कधी चक्क मासळीचा, आणि पेट्रोलचा आला तर गाडी सुरू करायची नाही, चालू असली तर बंद करायची आणि आधी खाली उतरायचं. आईनं सगळं पाठ केलंय. परवा सोसायटीतल्या त्या उंदीरवाल्या काकांना तिनं पार्किंगमध्ये गाठून त्यांच्या गाडीचं क्लच गेलंय म्हणून सांगितलं. खरं निघालं तर काय होईल याची मला भीती वाटते.

आणि ते जुनं कूलंट. मी बघत होतो, तुम्ही ते मातीत सोडलं नाहीत, ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये भरून झाकण लावून वर फळीवर ठेवलंत. विचारलं तर म्हणालात गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात, मग मरतात. तुमचं ते तपकिरी कुत्रं तिथंच पायाशी झोपलेलं. आता ही गोष्ट कुठल्या बिलावर येत नाही, फीडबॅकच्या कॉलवर कुणी विचारत नाही. कुणी बघत नसताना कॅनचं झाकण लावणारी माणसं असतात म्हणून आपलं सगळं चाललंय असं मला हल्ली वाटायला लागलंय, आणि अशी माणसं काचेच्या केबिनमध्ये कमी का असतात यावर मी बोलायला लागलो तर हे पत्र संपणार नाही.

पाइप बसला, क्लिप बसली, नवीन पाणी भरलं, हवा काढली. मी पाकीट काढलं तर तुम्ही म्हणालात, "थांबा, अजून पास व्हायचीय गाडी." आणि आईला पुढं बसवलंत, मागं तुम्ही, आणि मला बोपदेव घाट चढायला लावलात, पंखा फुल, बाहेरची हवा चालू. कुणी बोलेना. वर पोचल्यावर तुम्ही मागून विचारलंत, "आज्जी, बोला. तुम्ही पास म्हणला तर पास."

आईनं पदर नाकाला लावलाच नव्हता. दोनदा श्वास घेतला, काच खाली केली, वर केली, पुन्हा घेतला. आणि म्हणाली, "पास."

एकूण बाराशे ऐंशी घेतलेत, त्यातले ऐंशी परत देत होतात ते मी घेतले नाहीत.

या पत्रासोबत डबा पाठवतोय. गुळपोळ्या आहेत, संक्रांत उलटून गेली तरी तिनं मुद्दाम केल्यात, दोन तुमच्या पंक्चरवाल्या पोराला द्या. डबा स्टीलचा आहे, झाकणावर तिचं नाव कोरलंय, तेवढा जपून ठेवा. पुढच्या रविवारी हवा भरायला येतो तेव्हा घेऊन जातो. एकटा येईन असं नाही, ती आत्तापासूनच कुठल्या बाजूच्या टायरमध्ये हवा कमी वाटते ते सांगायला लागलीय.