कारखान्यातल्या कॅमेऱ्याला नियम कुठे आहे? कामगारमंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस

स.न.वि.वि.

सोलापुरात अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या यंत्रमाग, टॉवेल आणि गणवेशाच्या कारखान्यांत कॅमेरा आता विजेच्या मीटरइतका नेहमीचा झाला आहे. त्याला आमचा विरोध नाही. आमच्यातले काहीजण तेच बसवून पोट भरतात. पण कामगाराला आधी सांगायचे का, रेकॉर्डिंग किती दिवस ठेवायचे, आरोप आला तर ते त्याला बघायला मिळणार का, यातले काहीच ठरलेले नाही.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा हे सगळे सोडवेल असा समज आहे. तो वाचला की निराशा होते. कलम ७ नुसार नोकरीच्या कारणासाठी किंवा मालकाचे नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायला संमती लागत नाही. कलम ५ ची नोटीस मात्र संमतीला बांधलेली, आणि कलम ११ मधला आपली माहिती मागण्याचा हक्कही संमती दिलेल्यालाच. म्हणजे संमतीबरोबर दोन्ही गेले. शिवाय नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम निघाले तेव्हा मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिली गेली.

फौजदारी कायदा कडक आहे. बाईचे खासगी क्षण चोरून टिपले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली पहिल्या गुन्ह्याला १ ते ३ वर्षे कैद. कुणाच्याही गुप्तांगाचे चित्रण संमतीशिवाय करण्याविरुद्धचे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई वेगळेच. पण जिथे कपडे बदलायला स्वतंत्र खोलीच नाही आणि गोदामाच्या कोपऱ्यात पडदा लावून भागवले जाते, तिथे चोरी रोखण्यासाठी लावलेल्या कॅमेऱ्यात तो कोपरा आपोआप येतो. डीव्हीआरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्रात, तेवढा भाग काळा करता येतो. मात्र ज्याच्याकडे पासवर्ड तो काळा भाग काढू शकतो, आणि पासवर्ड बहुधा बसवणाऱ्यानेच ठेवलेला असतो. म्हणून कॅमेराच फिरवावा.

आता साठवणीचे गणित. ४ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा २ एमबीपीएसवर (मेगाबिट प्रति सेकंद) दिवसाला सुमारे २१.६ जीबी खातो. आठ कॅमेरे म्हणजे १७३ जीबी. डीव्हीआरमध्ये १ टीबीची डिस्क असली तर सहाव्या दिवशीच जुने पुसून नवे लिहिले जाते. चोरीचा आळ दहाव्या दिवशी येतो, तेव्हा मालकाकडे कापून ठेवलेली क्लिप असते आणि कामगाराला निर्दोष ठरवणारा आधीचा तास गेलेला असतो. ३० दिवस ठेवायचे तर सव्वापाच टीबीच्या आसपास जागा हवी. यंत्रमागाच्या शेडमध्ये आणखी एक गोष्ट घडते: लेन्सवर कापसाचे तंतू बसतात, रात्री इन्फ्रारेडच्या उजेडात ते पांढरे चमकतात आणि चेहरा दिसतच नाही. आठवड्यातून एकदा लेन्स पुसणे हाच त्यावर उपाय.

क्लिप कोर्टात न्यायची तर २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा. मोबाइलने स्क्रीनवरून केलेले शूटिंग टिकणे कठीण. डीव्हीआरच्या आतला बटनसेल संपला की लाइट जाऊन आल्यावर घड्याळ मागे पडते. मग ‘रात्री २ वाजता’ या पुराव्याला अर्थ उरत नाही.

नवीन कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेखालील राज्याच्या नियमांत पुढील गोष्टी घालाव्यात. प्रत्येक दारावर कॅमेऱ्याचा फलक असावा, मराठीसह तेलुगू, कन्नड आणि उर्दूत. इथल्या मागावर मराठी वाचणारा प्रत्येकजण असेलच असे नाही. स्वच्छतागृह, कपडे बदलण्याची जागा, विश्रांतिगृह व पाळणाघरात कॅमेरा नको. आवाज रेकॉर्ड होऊ नये, कारण बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत माइक असतो आणि सेटिंगमध्ये कुणी बघत नाही. रेकॉर्डिंग किमान ३० दिवस ठेवावे. चौकशीची नोटीस दिली त्याच दिवशी संबंधित पूर्ण पाळीचे रेकॉर्डिंग वेगळ्या डिस्कवर काढून कामगाराला त्याची प्रत मिळावी. लाइव्ह दृश्य पाहण्याचा मोबाइल अ‍ॅप कुणाकुणाकडे आहे, याची नोंदवही निरीक्षकाला दाखवावी.

या नियमांचा मसुदा तयार असेल तर तो हरकतींसाठी मराठीत प्रसिद्ध करावा, ही विनंती.

कळावे,
सोलापुरातील कॅमेरा तंत्रज्ञ आणि कामगार कायद्याचे वकील