वाडीच्या टायरवाल्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहितोय, त्याला कारण आहे. समोर बसून आभार मानायला लागलो की दुसऱ्या वाक्याला तुम्ही "चहा घे बे" म्हणता आणि पाना उचलून कामाला लागता. मागच्या मोसमानंतर मी कार रेसिंग थांबवली. पेपरात छोटी बातमी आली, एका कार्यक्रमात सत्कार झाला, शाल मिळाली. बातमीत माझ्या शर्यती होत्या, तिसऱ्या नंबरचे दोन चषक होते, 'जिद्द' हा शब्दही होता. तुमचा उल्लेख कुठेच नव्हता. तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही, मला वाटतं.

जे तुम्हाला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. नागपूरला अमरावती रोडवर, वाडीत, ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या रांगेत काकांचं टायरचं दुकान. आत दोन माणसं धड उभी राहू शकत नाहीत, म्हणून सगळं काम बाहेर कडुनिंबाखाली. माझ्या बाबांचा एक दहाचाकी ट्रक होता, रायपूर लाइनवर चालायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबा गाडी दुकानाशी लावायचे, मला तिथंच सोडायचे आणि भाड्याच्या तपासाला जायचे. मी तेव्हा पाचवी-सहावीतला.

एक दुपार मला अजून जशीच्या तशी आठवते. तुम्ही बाबांच्या गाडीचा पुढचा टायर उतरवून जमिनीवर आडवा टाकला आणि म्हणालात, "डोळे मिट अन् हात फिरव." मी आतून बाहेर हात नेला. गुळगुळीत. "आता उलटा आन." बाहेरून आत येताना तळहाताला करवतीच्या दात्यांसारखं काहीतरी टोचलं. "लागलं न? म्हणजे याचं चाक सरळ चालून नाही राहिलं, तिरपं घासत जाते. नवा टायर टाकला तरी तो असाच खाईन. बापाले सांग, पहिले अलाइनमेंट कर." मग एकेक टायर पुढे ओढून दाखवलात. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. एकच कड खाल्लेली असेल तर चाक कलंडलेलं आहे. माझ्या बोटांवर काळं बसलं ते त्या दिवशी घरी गेल्यावर राखेनं घासलं तरी निघालं नव्हतं.

आणि तुमचं ते ट्रकवाल्यांशी दर मे महिन्यातलं भांडण! नागपुरात पारा 45 च्या वर गेला की ड्रायव्हर यायचे आणि म्हणायचे, काका, ऊन फार आहे, हवा थोडी कमी करून द्या, नाहीतर टायर फुटतो. तुम्ही संतापायचात. हवा कमी असली की टायरची बाजू चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, दुमडली की आतून तापते, आणि त्या तापण्यानंच टायर फाटतो, हे तुम्ही एकेकाला एक तार वाकवून दाखवायचात. जाड तार दहा-बारा वेळा पुढे-मागे वाकवायची आणि ड्रायव्हरच्या हातावर ठेवायची. चटका बसला की त्याला कळायचं. हवा तपासायची ती सकाळी, चाक थंड असताना. पाच-सहा अंश तापमान वाढलं की कारच्या टायरची हवा साधारण एक पीएसआयने (हवेच्या दाबाचं माप) वाढते, म्हणून तापलेल्या टायरचं माप धरायचं नाही. पुढे रेसिंगमध्ये आल्यावर इंजिनिअर लोक हीच गोष्ट इंग्रजीतून, तक्ते दाखवून सांगू लागले, तेव्हा माझ्या हातावर तारेचा चटका आधीच बसलेला होता.

रेसिंगचं वेडही तुमच्याच दुकानात लागलं. 2005 साली नारायण कार्तिकेयन जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरला, भारताचा पहिलाच. आम्ही पोरं त्याचे फोटो कापून वह्यांना लावायचो. 19 जूनला अमेरिकेत इंडियानापोलिसला शर्यत होती. आपल्या विदर्भातल्या शाळा उघडायला आठवडा होता. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या टीव्हीवर बातमी लागली की कार्तिकेयन चौथा आला, पाच गुण मिळाले. आम्ही नाचलो. मग कळलं की शर्यतीत फक्त 6 गाड्या धावल्या होत्या. मिशेलिनचे टायर त्या ट्रॅकच्या शेवटच्या तिरप्या, भरधाव वळणाचा भार सहन करतील याची खात्री नव्हती, सरावात राल्फ शूमाकरची गाडी तिथंच आदळली होती, म्हणून मिशेलिनवाल्या सातही संघांच्या 14 गाड्या सुरुवातीआधीच शर्यत सोडून आत वळल्या. उरल्या ब्रिजस्टोनवाल्या सहा. शिवाय त्या वर्षी नियमच असा होता की शर्यतीत टायर बदलायचे नाहीत. माझं तोंड उतरलेलं पाहून तुम्ही म्हणालात, "तोंड काहून पाडतं? त्याचे टायर शेवटपर्यंत टिकले, तो शेवटपर्यंत चालला. ते का फुकट आहे?" त्या चौथ्या नंबराचा मला पुढे कधीच कमीपणा वाटला नाही.

मधल्या वर्षांचं फार लिहीत नाही. कोल्हापूरला कार्टिंग, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांची शर्यत, मग रेसिंगचं लायसन्स, मग कोइमतूर. कार्टबद्दल एवढंच, की तिला डिफरन्शियल, म्हणजे वळणात दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग, नसतो, मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट असतात, त्यामुळे वळणात आतलं मागचं चाक जमिनीवरून जरासं उचललं गेलं तरच ती वळते. हे मला समजायला तीन दिवस लागले होते. फोनवर तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही लगेच म्हणालात, "म्हणजे बैलगाडीपेक्षा अवघड. तिची चाकं तरी आपापली फिरतात." पहिल्या लायसन्सच्या वेळी आणि त्यानंतर दोन मोसम तुम्ही जे पैसे दिलेत त्याचा आकडा इथे लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. आपल्याकडे बहुतेक ड्रायव्हरला पगार मिळत नाही, गाडीत बसायचे पैसे तोच मोजतो, एवढं मात्र वाचणाऱ्यांना माहीत असावं. त्या पैशांसाठी काकूंनी मंगळसूत्राशिवायच्या सगळ्या डब्यांची झाकणं उघडली होती, हे मला फार उशिरा कळलं. काकू, तुम्हालाही नमस्कार. तुम्ही बांधून दिलेली सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, कोइमतूरपर्यंत कधीच पोचली नाही, बल्लारशा जायच्या आत संपायची.

कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर तुम्ही एकदाच आलात. ट्रॅक 2.1 किलोमीटरचा. आमची गाडी फॉर्म्युला एलजीबी, मारुतीचं स्विफ्टचं 1300 सीसी इंजिन, सगळ्यांच्या गाड्या सारख्याच. अशा शर्यतीत ताकदीनं कुणी पुढे जात नाही. समोरच्याच्या मागं चिकटून, त्यानं कापलेल्या वाऱ्याच्या आडोशानं वेग घ्यायचा आणि वळणाच्या तोंडाशी बाहेर पडायचं. म्हणून टायरमधल्या हवेचा एकेक आकडा महत्त्वाचा. तुम्ही डोक्याला दुपट्टा बांधून, खिशात हवा मोजायचा तो पितळी गेज घेऊन पॅडॉकमध्ये, म्हणजे संघांच्या गाड्या उभ्या असतात त्या आवारात, फिरत होता. तमिळ तुम्हाला येत नव्हतं, मेकॅनिकला मराठी येत नव्हतं. सरावाची फेरी संपवून मी आत आलो तेव्हा तुम्ही वाकलात, टायरवर हात ठेवला, आणि मधल्या पट्ट्यावर बोट आपटून मेकॅनिककडे बघत दोन बोटं खाली केलीत. त्यानं तापमापक लावून पाहिला. मधला भाग कडांपेक्षा जास्त तापला होता. तो हसला, त्यानं दोनची हवा सोडली. माझा पहिला चषक त्याच दिवशीचा. बक्षीस घेताना मी तुम्हाला वर बोलावत होतो आणि तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीचा टायर बघत बसला होता.

पण ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहितोय ती वेगळी आहे, आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

चेन्नईजवळच्या ट्रॅकवर, सरळ रस्ता संपून वळण येतं तिथं, मी गाडी भिंतीवर घातली. हाडं शाबूत राहिली, मोसम गेला. मी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगत गाड्यांवर काम होतं तिथं, येऊन सगळ्यांसमोर आमच्या टायर बघणाऱ्या मुलावर ओरडलो. हवा चुकीची भरली, म्हणून पुढचं चाक धरलं नाही, असं म्हणालो. तो एकोणीस-वीस वर्षांचा, मान खाली घालून उभा. रात्री तुम्हाला फोन करून हेच सगळं सांगितलं. तुम्ही एकच बोललात, "टायर घेऊन ये."

पोत्यात गुंडाळून जीटी एक्स्प्रेसनं टायर नागपूरला आणला. स्टेशनवरून थेट वाडी. तुम्ही तो कडुनिंबाखाली उभा धरलात आणि हळूहळू फिरवत राहिलात. एका जागी थांबलात. "हात ठेव." तिथं तळहाताएवढी जागा सपाट घासली होती, कडांना रबराचे बारीक वळ आलेले. बाकी टायर एकसारखा, मधोमधही ठीक, कडाही ठीक. हवेचा दोष असता तर तो गोल सगळीकडे दिसला असता. एकाच जागी घासला, म्हणजे चाक फिरायचं थांबलं होतं आणि गाडी त्यावर घसरत गेली होती. मी ब्रेक फार उशिरा आणि फार जोरात दाबला होता, तोही गाडी वळायला लागल्यावर.

तुम्ही रागावला नाहीत. समजावलंत, "टायरजवळ भाकर एकच असते पोट्ट्या. सारी ब्रेकले देल्ली त वळाले काय देशीन?" आणि मग थोड्या वेळानं, टायरकडेच बघत, "त्या पोराचं नाव काय म्हनलं?"

मला त्याचं पूर्ण नावही माहीत नव्हतं. दोन मोसम तो माझे टायर बघत होता.

दुकानातूनच, तुमच्या फोनवरून, मी चेन्नईला फोन लावला. आधी त्याची माफी मागितली, मग संघाच्या मालकाला सांगितलं की चूक माझी होती. तुम्ही तोवर पाठ करून ट्यूब पाण्यात बुडवत बसला होता, बुडबुडे शोधत. तो मुलगा पुढच्या मोसमात पुन्हा माझ्याच गाडीवर आला. भाकरीचा हिशेब त्यानंतर माझ्या पायात उतरला. सरळ रस्त्यावर ब्रेक पुरा दाबायचा, आणि स्टीअरिंग जसं वळेल तसा पाय थोडा थोडा सोडायचा. माझा दुसरा चषक त्यातून आला. पण टायर पोत्यातून काढून तुमच्यासमोर ठेवला नसता, तर मी आयुष्यभर त्या मुलाला दोषी धरत राहिलो असतो, आणि पुढच्या प्रत्येक अपघातासाठी नवा मुलगा शोधला असता. काका, याचे आभार कसे मानायचे ते मला खरंच कळत नाही. मानतो एवढंच.

हल्ली मी बुटीबोरीला ट्रक ड्रायव्हरांना शिकवतो. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी सुरू झाला, आता मुंबईपर्यंत 701 किलोमीटर पूर्ण झालाय, आणि कारला 120 ची मुभा आहे. तासन्‌तास एका वेगानं सिमेंटवर धावणाऱ्या टायरची परीक्षा काय असते ते तुम्हाला सांगायला नको. मी वर्गात जाड तार घेऊन जातो. हातावर चटका बसला की मोठमोठी माणसं लहान मुलांसारखी दचकतात. अजूनही प्रत्येक वर्गात एकजण तरी म्हणतोच, उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची असते.

पितळी गेज माझ्याकडे आहे, तुम्ही दिलात तसाच, काच फुटलेली नाही. तुमचे हात आता थरथरतात, पाना धरवत नाही, असं काकू म्हणाल्या. पण तळहात तर तोच आहे. येत्या रविवारी सहाला येतो, ऊन चढायच्या आत, चाकं थंड असताना. बाबांच्या गाडीच्या पुढच्या डाव्या टायरवर एकदा हात फिरवून पाहा. बाहेरून आत आणताना मला काहीतरी लागतंय, पण खात्री होत नाही.

तुमचा,
पोट्टा