प्रकल्पाला परवानगी आधी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शालेय विज्ञान प्रदर्शनांत अनेक वर्षे परीक्षक म्हणून काम करताना खटकत आलेली एक बाब आपल्या पत्राद्वारे शिक्षक, पालक आणि शिक्षण विभागापुढे मांडू इच्छिते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गांतील विच्छेदन बंद करण्याचे निर्देश दिले, तेव्हापासून विद्यार्थ्यांच्या हातून होणारे प्राण्यांचे हाल थांबले असा आपला समज आहे. प्रदर्शनाच्या मांडवात मात्र ‘कपडे धुण्याच्या पावडरीचा जलचरांवर परिणाम’ हा प्रकल्प अजूनही भेटतो. मुरंब्याच्या बरण्यांत गप्पी मासे, बरणीवर द्रावणाचे प्रमाण आणि तक्त्यात ‘मृत्यूस लागलेला वेळ’ असा रकाना. अशा पावडरीने माशांच्या कल्ल्यांना इजा होते हे केव्हाच सिद्ध झालेले असताना ते पुन्हा मासे मारून दाखवण्यात कसले संशोधन? ज्या पाठात पुस्तके, प्रतिकृती किंवा चित्रफिती पुरेशा आहेत तिथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, ही अपेक्षा तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच आहे. पाणी दूषित आहे का, हेच तपासायचे असेल तर बरणीच्या तोंडावर कांदा ठेवून त्याच्या मुळांची वाढ मोजता येते. ही चाचणी संशोधकही वापरतात, शिवाय वीस-पंचवीस कांदे घेऊन सरासरी काढणे शाळेलाही परवडते.

माणसांच्या बाबतीत परिस्थिती अधिक गंभीर आहे, कारण तिथे काही चुकते आहे हेच कोणाच्या लक्षात येत नाही. किशोरवयीन मुलींमधील रक्तक्षयावरच्या एका प्रकल्पात नावांऐवजी हजेरी क्रमांक टाकून हिमोग्लोबिनचे आकडे आणि पाळी नियमित आहे की नाही, ही माहिती भिंतीवर लावलेली मी पाहिली आहे. वर्गात कोणाचा क्रमांक कोणाला ठाऊक नसतो? मुख्याध्यापकांची परवानगी होती, पालकांची नव्हती, आणि मुलींना तर कोणी विचारलेच नव्हते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनात लहान मुले असतील तर पालकांच्या संमतीबरोबरच समज असलेल्या मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. बाईंनी वर्गात ‘कोण कोण तयार आहे?’ असे विचारल्यावर वर झालेल्या हातांना मी होकार मानत नाही. नाही म्हणण्याची मोकळीक तिथे नसते. बोट टोचून रक्तगट पाहण्याच्या हौशी प्रकल्पांबद्दल एवढेच म्हणते की, एकच सुई दोघांना वापरली गेली तर ‘ब’ प्रकारच्या काविळीचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून हे काम विद्यार्थ्यांकडे देऊच नये.

अमेरिकेत भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय विज्ञान व अभियांत्रिकी मेळ्यात माणसे किंवा पृष्ठवंशीय प्राणी असलेल्या प्रकल्पांना प्रयोग सुरू होण्याआधी समितीची मंजुरी लागते. आपल्याकडे परीक्षकाला हा प्रश्न सुचतो तोपर्यंत मासे मेलेले आणि तक्ता भिंतीवर लागलेला असतो. शाळेतील एक शिक्षक (प्रकल्पाचे मार्गदर्शक सोडून), प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि एक पालक, अशा तिघांच्या सह्यांचा एक पानी अर्ज पुरेसा ठरेल. शिक्षकांवर आधीच कागदपत्रांचे ओझे आहे हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच ज्या प्रकल्पात माणूस वा प्राणी नाही, त्याला हा अर्ज लागू करू नये. यंदाच्या प्रदर्शनाच्या परिपत्रकासोबतच तो शाळांना पाठवावा आणि सह्यांची तारीख प्रयोगाच्या नोंदवहीतील पहिल्या नोंदीच्या आधीची आहे का, हे गुण देण्यापूर्वी परीक्षकांनी तपासावे.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सातारा