ओकोन्क्वोचं नेमकं काय चुकलं?

चि. सौरभ यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, परीक्षेत 'थिंग्ज फॉल अपार्ट' या नायजेरियन कादंबरीवर हमखास येणारा प्रश्न म्हणजे तिच्या नायकाचे, ओकोन्क्वोचे दोष, आणि उत्तर ठरलेलं: राग, अहंकार, अपयशाची भीती. प्रत्येकी पाच ओळी खरडल्या की झालं. तू इथे टाकून गेलेली प्रत मी सावकाश वाचून काढली. तुझं उत्तर खोटं नाही, मार्कही मिळतील. पण त्या पंधरा ओळींत ओकोन्क्वो सापडत नाही. फोनवर तुला कायम घाई असते, म्हणून लिहितेय.

भीतीचं म्हणशील तर लेखक चिनुआ अचेबेंनी ती लपवून ठेवलेलीच नाही. या माणसाचं सगळं आयुष्य अपयशाच्या आणि दुबळेपणाच्या भीतीखाली गेलं, हे ते सुरुवातीलाच सांगून टाकतात. ही भीती आली बापाकडून. उनोका बासरी वाजवणारा, ताडी आवडणारा आणि गावभर उधारी करून ठेवलेला माणूस. शेजारी आपल्या दोनशे कवड्या मागायला येतो तेव्हा हा पोट धरून हसतो आणि भिंतीवरच्या खडूच्या रेघा दाखवतो. बघ, किती जणांचं देणं आहे, आधी मोठी कर्जं फेडीन, मग तुझं! कर्जबुडव्या खरा, पण मला हा माणूस आवडला. शेवटी अंग सुजण्याचा आजार झाला म्हणून त्याला अपशकुनी रानात मरायला सोडतात, तेव्हा जाताना तो बासरी घेऊन जातो.

मुलानं मात्र ठरवलं, की बापाला जे जे आवडलं त्याचा तिरस्कार करायचा. अचेबे त्यातल्या दोन गोष्टींची नावं घेतात: आळस आणि हळुवारपणा. आळस टाकला ते उत्तमच. ओकोन्क्वोला वारसात धान्याचं कोठारही मिळालेलं नव्हतं. न्वाकिबिए नावाच्या श्रीमंत शेतकऱ्याकडून आठशे यामचं बेणं पिकाच्या वाट्यावर घेऊन त्यानं शेती उभी केली. (याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद. तिकडे पुरुषाची पत त्यावर ठरायची.) नेमकं पहिलंच वर्ष आधी अवर्षणाचं आणि मग अतिवृष्टीचं. एका शेतकऱ्यानं त्या वर्षी फास लावून घेतला, ओकोन्क्वो टिकला. हे कष्ट त्याच्या दोषांच्या यादीत विसरू नकोस. पण आळसाच्या गाठोड्यात बांधून त्यानं हळुवारपणाही फेकून दिला, तिथून सगळं बिघडलं.

आता माझं खरं म्हणणं. सगळे त्याला परंपरेचा कट्टर माणूस समजतात, पण तो पावलोपावली परंपराच मोडतो. पेरणीआधीच्या शांतता सप्ताहात कुणी कुणाला वावगं बोलायचंही नाही. हा धाकट्या बायकोला, ओजिउगोला, मारतो, कारण ती वेणी घालायला गेली आणि वेळेवर स्वयंपाक केला नाही. भूदेवी अनीचा पुजारी त्याला दंड करतो. इकेमेफुनाचं तर विचारूच नकोस. दुसऱ्या गावाकडून भरपाई म्हणून आलेलं, तीन वर्षं घरात वाढलेलं, याला बाप म्हणणारं ते पोर. देववाणीनं त्याच्या मरणाचा कौल दिला तेव्हा गावातला सर्वांत वडीलधारा माणूस, एझेउडू, मुद्दाम घरी येऊन सांगतो: तो मुलगा तुला बाप म्हणतो, त्याच्या मृत्यूत तुझा हात नको. म्हणजे गावाची अपेक्षाही नव्हती. तरी पहिला घाव बसल्यावर पोर "बाबा, मला मारलं" म्हणत याच्याकडेच धावतं आणि हा कोयता चालवतो. का? कुणी दुबळा म्हणेल म्हणून. कोण म्हणणार होतं, ते अचेबे सांगत नाहीत. माझ्या मते कुणीच नाही.

नंतर दोन दिवस त्याच्या पोटात अन्न जात नाही, नुसती ताडी. मग तो मित्राकडे, ओबिएरिकाकडे जातो आणि तू का आला नाहीस म्हणून त्यालाच जाब विचारतो. ओबिएरिका म्हणतो, माझ्या मुलाबद्दल कौल झाला असता तर मी कौलाशी वाद घातला नसता, पण मारणारा हातही माझा नसता. आणि हेही, की तू केलंस ते भूमीला रुचणार नाही. त्याच गप्पांत न्दुलुए आणि ओझोएमेना या म्हाताऱ्या जोडप्याची बातमी येते. नवरा गेला, आणि त्याच दिवशी बायकोही. न्दुलुए बायकोला विचारल्याशिवाय काही करत नसे, हे ऐकून ओकोन्क्वो चकित होतो: मला वाटायचं तरुणपणी तो बलवान होता! तो होताच, लढायांत उमुओफियाचं, म्हणजे त्यांच्या गावाचं, नेतृत्व केलेला. दोन्ही गोष्टी एका माणसात नांदू शकतात, हे ओकोन्क्वोच्या डोक्यात शिरतच नाही. परीक्षेत एकच प्रसंग घ्यायचा झाला तर हा घे. गाइडात तो बहुधा नसेल.

पुढे एझेउडूच्याच अंत्यविधीत याच्या बंदुकीचा स्फोट होऊन त्या घरचा सोळा वर्षांचा मुलगा जातो. नकळत घडलं, तरी अपराध भूदेवीचाच. सात वर्षं हद्दपारी, तीही आजोळी, म्बांटाला. मामा उचेंडू सगळ्यांसमोर विचारतो, मुलांची नावं आपण 'आई थोर' अशी का ठेवतो? ओकोन्क्वोला उत्तर देता येत नाही. माणूस सुखात असतो तेव्हा तो बापाच्या घरचा, दुःखात आईच्या घरी आसरा शोधतो, असं मामाच सांगतो. मामाच्या घरी सात वर्षं काढून हा तिथून काय घेऊन परततो? मानाचं स्थान गेल्याची हळहळ. आणि शेवटी आत्महत्या, तीही भूमीविरुद्धचंच पाप. म्हणून स्वतःच्या माणसांना त्याचं प्रेत उतरवता येत नाही, परक्यांना बोलवावं लागतं.

असं असून तो पाषाणहृदयी नाही. लाडक्या लेकीला, एझिन्माला, पुजारीण रात्री गुहेकडे घेऊन जाते, तेव्हा हाच माणूस कोयता घेऊन अंधारात पुन्हा पुन्हा फेऱ्या मारतो. माया आहे, ती दिसू द्यायची नाही एवढाच हट्ट. थोरल्या मुलाच्या, पुढे मिशनऱ्यांकडे जाऊन ख्रिस्ती झालेल्या न्वोयेच्या, वाट्याला मात्र तीही आली नाही.

तुझ्या उत्तरात आणखी एक धोका वाटतो. नायकाचे दोष मोजत बसलं की वाटायला लागतं, गोऱ्यांच्या राज्यापुढे उमुओफिया याच्या स्वभावामुळे पडलं. तसं नाही. बोलणी करायला म्हणून सहा प्रमुखांना बोलावून बेड्या घातल्या इंग्रज अंमलदारानं, गोऱ्या साहेबानं. दंड ठरला दोनशे पोती कवड्यांचा, त्याचे निरोपे गावात सांगतात अडीचशे, कारण वरची पोती त्यांची. ओकोन्क्वो चांगला बाप असता तरी हे टळलं नसतं. फक्त ओकोन्क्वोनं साहेबाच्या एका निरोप्याचं डोकं उडवल्यावर गर्दीतून "यानं असं का केलं?" असा सूर आला, तो कदाचित आला नसता. तेवढा एकटेपणा मात्र त्याचा स्वतःचा. आणि साहेब? तो या माणसावर आपल्या पुस्तकात एक परिच्छेद लिहायचा विचार करतो.

अचेबेंचे वडील धर्मांतरित ख्रिस्ती, मिशनचे शिक्षक. म्हणजे लेखक न्वोयेच्या बाजूच्या घरात वाढलेला, आणि 1958 मध्ये, नायजेरिया स्वतंत्र व्हायच्या दोन वर्षं आधी, त्याची कादंबरी आली ती ओकोन्क्वोवर. मला याचं फार अप्रूप वाटलं.

न्वोयेबद्दल तुझं मत कळव. तो ख्रिस्ती होऊन आयझॅक झाला ते मिशनऱ्यांच्या त्या भजनाच्या ओढीनं, की बापापासून सुटायला? ओबिएरिका विचारतो तेव्हा तो म्हणतो, ओकोन्क्वो माझा बाप नाही. मला त्या पोराचा राग आला नाही, पण हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं असं वाटत राहिलं. तुझे बाबा म्हणतात, बरोबरच बोलला.

तुझी,
आई